नुसतं ‘येते’

नात पल्लवी विमान चालवायला शिकायला गेली तेव्हापासून माझा जीव एका जागी राहिलेला नाही. आमचं गाव सीमेवरचं बेला, घरची वांगी-मिरचीची वाडी, आणि पोरीला आभाळात जायचं होतं. नदीपलीकडे महाराष्ट्रात तिची शाळा आहे. तिथली विमानं मी एकदा पाहून आले. दोन माणसं कशीबशी मावतात, दार लावलं की ऑटोसारखं वाजतं. आधी ती मास्तरांसोबत उडायची, मग एकटी उडू लागली.

त्या दिवसापासून मी एक नेम धरला. वर जायच्या आधी पल्लवी मला फोन करायची. निघताना ‘जाते’ म्हणायचं नसतं, म्हणून ती ‘येते आजी’ म्हणायची आणि मी ‘ये’ म्हणायचे. मग मी माहूरच्या रेणुकामायच्या तसबिरीपुढे बसायचे. ती खाली उतरून ‘आले’ म्हणेपर्यंत उठायचं नाही, पाणी प्यायचं नाही. घरातले याला भक्ती म्हणत. भक्ती कसली, मी देवीवर पहारा ठेवत होते. माझं लक्ष हललं तर देवीचंही हलेल असं मला वाटे. तोंडात नाव देवीचं आणि कान फोनकडे. गुडघे भरून येत, घसा कोरडा पडे, पण मन कधी शांत झालं नाही. देवी खरंच ऐकते का, हा प्रश्नही येई. तो आला की मी आणखी जोरात नाव घेई.

पोळा तोंडावर आला होता आणि पल्लवी सणाला घरी येणार होती. त्या सकाळी फोन वाजला नाही, मेसेज आला. त्यात एकच शब्द, ‘येते’. मी चौथी शिकलेली. अक्षर वाचता येतं, पण अक्षरात आवाज नसतो. मला वाटलं, पोरगी बसमध्ये बसली. इतकं हलकं वाटलं की देवीला हात जोडायचंही राहिलं. पिशवी उचलली आणि पुरणासाठी गूळ आणायला बाजारात गेले.

“हा गूळ हाये का चिखल?” मी दुकानदाराला म्हटलं. “पाणी सुटून राह्यलं याले.”

“पावसाळ्यात असाच राह्यते, आजी. तरी तुमच्या जिभेपेक्षा गोडच हाये.”

मग मी त्याच्या तराजूपासून त्याच्या बापाच्या तराजूपर्यंत सगळं काढलं. चांगला वेळ भांडले आणि कोरडी भेली घेऊनच हटले.

दुपारच्या बसला स्टँडवर गेले. पल्लवी उतरली नाही. पुढच्या बसलाही नाही. फोन लागेना. मी बाकावर बसायचे, उठायचे, रस्त्यापर्यंत जाऊन परत यायचे. शेवटी माझा मुलगा, पल्लवीचा बाप, मोटरसायकल घेऊन मला शोधत आला.

“माय, ती आज येनार हे तुले कोनं सांगितलं?”

मी मेसेज दाखवला. त्याने वाचला, वेळ पाहिली. मग म्हणाला, “अवं, विमानात बसाच्या आंधी लिवलं तिनं हे. रोजचं ‘येते’.”

पोरगी आभाळात होती आणि मी गुळासाठी भांडत होते. तिथेच बाकावर डोळे मिटले, पण जन्मभर घेतलेलं नाव तोंडात येईना. एवढंच निघालं, “माय, मी नव्हती. तू होती का?”

थोड्या वेळाने फोन आला. पल्लवी म्हणाली, “आजी, मी ठीक हाय. उद्या येते.” आवाज तिचा वाटत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी पुरण वाटत असताना ती पाट्याजवळ येऊन बसली आणि तिने सगळं सांगितलं. वर ढग आडवा आला, तो टाळायला ती वळली आणि वाट चुकली. जिथून मोठी प्रवासी विमानं खाली उतरतात त्या वाटेत शिरली. खालून रेडिओवर हाका मारत होते. त्यांच्या शाळेतल्या दोन विमानांची नावं जवळपास सारखी, म्हणून हिला वाटलं दुसऱ्या पोरीला बोलावतात. ढगाच्या आडून बाहेर आली तर समोर मोठं विमान. हिचे हात हलेनात. त्या विमानाच्या पायलटने हिला पाहिलं आणि आपलंच विमान वर उचलून बाजूला काढलं. मग रेडिओवर त्याचा आवाज आला, “डरो मत बेटा. मैंने देख लिया तुम्हें. बाएँ मुड़ो, आराम से.” ती वळेपर्यंत तो बोलत राहिला. कोण, कुठला, हिला माहीत नाही. उतरल्यावर शाळेवाल्यांनी दिवसभर तिला बसवून चौकशी केली, तोवर फोन हातात नव्हता.

आमच्या शेताकडच्या अरुंद पांदणीत भरलेली बैलबंडी मागे हटत नाही, रिकामीने हटायचं. इथे भरलेली हटली. वर त्या माणसाने शिव्याही दिल्या नाहीत. मी असते तर दिल्या असत्या.

मुलगा दारातून म्हणाला, “बस झालं. आता घरीच राह्य, वाडी पाह्य.”

पल्लवीने त्याच्याकडे पाहिलंच नाही. “आजी, त्या वक्ती तू बसली होती नं देवीपुढं? तू बसली होती म्हनूनच मी वाचली. आताही बसशील तं मी परत जाईन. नाई तं नाई.”

नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं, पोरगी गेली असती. मग तिचं उडणं माझ्या गुडघ्यांना बांधलं गेलं असतं, आणि हे गुडघे आता किती दिवसांचे? ‘नाही’ म्हटलं तर कदाचित ती घरीच बसली असती. पण देवीने केलेलं आपल्या नावावर कसं घ्यायचं?

“नाई बसली,” मी म्हटलं. “गुळासाठी भांडत होती.”

“खरंच?”

“दुकानदाराले विचार. अजून तोंड फुगवून असंन.”

मुलाला हसू फुटलं. ती हसली नाही. “मंग मले कोनं पाह्यलं, आजी?”

“ज्यानं पाह्यलं त्यानंच सांगितलं नं तुले? अजून काय पाह्यजे?”

तिने पुरणाचा गोळा उचलून तोंडात टाकला. आदल्या दिवसापासून पोटात अन्न नव्हतं तिच्या. पोळा झाला आणि ती शाळेत परत गेली. बापाने कुरकुर केली, पण बसपर्यंत सोडायला तोच गेला.

माझा जीव अजून थाऱ्यावर नाही. ती वर असली की भाजीत मीठ दोनदा पडतं. पण पहाऱ्याला बसत नाही. वाडीवरून मोठं विमान गेलं की हातातलं वांगं तसंच धरून मान वर करते आणि त्या न पाहिलेल्या माणसाला नमस्कार करते. त्याच्या आवाजात कोण बोललं, हे मी विचारत नाही. मेसेज मात्र करायचा नाही, असं पल्लवीला बजावलंय. फोनवर ती ‘येते’ म्हणते. मी ‘ये’ म्हणते, एकदा हात जोडते आणि कामाला लागते. मधलं सगळं रेणुकामायचं.