तिरंगीची झाली दुरंगी

“‘तिरंगी’चं ‘दुरंगी’ कुणी केलं?” सकाळी पेपर हातात पडताच मी परभणीला डेस्कवर फोन लावला.

डेस्क म्हणजे आमच्या बातम्या तपासून मथळे लावणारी मंडळी. मी सेलूचा तालुका प्रतिनिधी. नगरपालिकेला आमच्या प्रभागात दोन पक्षांचे दोघं उभे होते आणि तिसऱ्या अपक्ष शकुंतलाताई, निवृत्त नर्स. तिघंही तोडीस तोड. मी ‘तिरंगी लढत’ लिहून पाठवलं, छापून आलं ‘दुरंगी लढत’. ताई ‘इतर’मध्ये गेल्या. वर माझं नाव ठळक!

“अपक्ष बाईला कोण विचारतंय?” डेस्कप्रमुख म्हणाले.

“सेलूत विचारायलेत साहेब. घरोघर फिरलोय मी.”

“त्या दोघांच्या जाहिराती आहेत. तिची आहे का?”

“मग उद्या खुलासा तरी छापा.”

“मथळ्याचा कुठं खुलासा असतो का? काहीतरीच तुमचं.” त्यांनी फोन ठेवला. डोक्यात तिडीक गेली माझ्या.

दुरंगी, तिरंगी हे आमचे रोजचे शब्द. वाचणाऱ्याला मात्र तो निकालच वाटतो. दोघांतलाच कुणीतरी येणार, तिसऱ्याला दिलेलं मत वाया. किराणा दुकानदार नागनाथअप्पांनी तर तोंडावरच सांगितलं.

“ताई लय चांगल्या हायत. आईच्या दुखण्यात घरी येऊन इंजेक्शनं द्यायच्या. पण मत वाया घालून काय फायदा? तुमीच तर लिवलंय.”

“मी नाही लिहिलं हो, अप्पा!”

“मग नाव कुणाचंय?”

कपाळ माझं!

मी मूळ बातमी मोबाईलच्या स्टेटसला टाकली. झालं! दोन्ही पक्षवाले म्हणाले, हा ताईंचा माणूस. ताईंच्या प्रचारातली पोरं छापलेला पेपर दाखवून म्हणत होती, हा विकला गेला. ऑफिसनं ग्रुपमधून काढलं. हॉटेलात मी दिसलो की मंडळी विषय बदलायची. बायको गेल्यापासून घरात ऐकायला कुणी नाही. लय एकटं वाटलं.

शेवटी ताईंकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून मोबाईलवरची बातमी पूर्ण वाचली.

“चांगलं लिवलंय, भाऊ. पण हे मला दाखवून काय उपयोग? गावानं दुसरंच वाचलंय.” आणि चहा ठेवला. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ताई थोडक्यात पडल्या. दुसऱ्या नंबरवर राहिल्या. दुरंगीतला एकजण तिसऱ्या नंबरवर गेला.

डेस्कचा फोन आला. “‘अनपेक्षित निकाल’ असा मथळा घेतो.”

“कुणाला अनपेक्षित?”

“वाद नको. मजकूर पाठवा.”

पाठवला. या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांना मी एवढंच सांगतो, बातमीवर नाव द्यायच्या आधी मथळा कोण लावणार ते विचारून घ्या. गावात तोंड तुम्हालाच दाखवायचं असतं.

ताई अजूनही बोलावून माझा बीपी तपासतात, औषध घेतलं का विचारतात. काही बातमी असली, तर मात्र दुसऱ्या पेपरवाल्याला फोन करतात.