पाचवा चोर

कंपनीची बस रोज झाडली तरी सीटखाली काहीतरी सापडतंच. किश्श्यांचंही तसंच! नाशिकरोड ते सातपूर रोजचा पाऊण तास, आणि गेले दोन महिने बसमध्ये विषय एकच: चोरी!

पुस्तकातली हो! जाडजूड इंग्रजी कादंबरी. चार चोर. एकाच्या ताब्यात आग, एकीच्या पाणी, एकाच्या वारा, एकाच्या माती. चौघं मिळून राजाचा खजिना फोडणार. मी आपली एकटीच वाचायचे, तर पॅकिंगमधली संगीता म्हणाली, "एकटीच काय हसतेस? आम्हालाही सांग की!" झालं! तेव्हापासून मी मोठ्याने वाचायचं, तेही तिथल्या तिथे मराठी करून. नियम एकच, घरी पुढचं वाचायचं नाही.

*

आमचे ड्रायव्हर रावसाहेब दिंडोरीचे. पहिल्या दिवशी म्हणाले, "आपल्याला नाय असलं आवडत."

आठवड्याने ती पाणीवाली तटाखालच्या भुयारात अडकली आणि नेमकं कंपनीचं गेट आलं. बस सरळ पुढे! "अहो रावसाहेब, गेट गेलं!"

"एक चक्कर मारतो. ती बाहेर तर पडू द्या!"

त्या दिवशी अख्ख्या बसचं पंचिंग लेट झालं.

*

संगीताने भावाच्या साखरपुड्याला सुट्टी घेतली. भर कार्यक्रमातून तिचा फोन, "खजिन्याचं दार उघडलं का गं?"

मी विचारलं, "मुलगी कशी आहे?"

"ती काय, आता घरातच येणारे. तू दाराचं सांग!"

*

आणि स्टोअरमधले जोशीकाका! या महिन्याअखेर रिटायर होणार होते. त्यांचा पहिल्यापासून एकच हेका. "चारच कसे? पंचमहाभूतं पाच! आकाशवाला कुठाय?"

"काका, परदेशी पुस्तक आहे, त्यांच्यात चारच."

"लपलाय तो! माझ्या शेवटच्या दिवसापर्यंत सापडला नाही तर जोशी नाव लावणार नाही!"

मग रोज नवा संशयित. कधी आचारी, कधी घोडेवाला, एकदा तर राजाचा पोपट! बस खदाखदा हसायची. रावसाहेबसुद्धा ओरडायचे, "काका, आकाशवाला रजेवर हाय!"

*

शेवटच्या आठवड्यात मला धीर धरवेना. मी नियम मोडला! कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या कळलं नाही, डाळ करपली, पण पुस्तक संपवलं.

पाचवा चोर नव्हताच.

मग जिवाला जी चुटपुट लागली! ऊठ, बस, पाणी पी, परत तीच पानं चाळ. पस्तीस वर्षं या बसने येणारा माणूस शेवटच्या दिवशी सगळ्यांचं हसणं ऐकत उतरणार? मला तर पुस्तक न्यायचंच जिवावर आलं.

*

शनिवारी, शेवटच्या दिवशी, काका इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या सीटवर. मी वाचायला लागले. चौघं चोर गच्चीवर अडकलेत, शिपाई जिना चढतायत. "तेवढ्यात," मी म्हटलं, "खजिन्याचा म्हातारा भांडारी पुढे आला. रोज किल्ल्या द्यायचा, पण त्याच्याकडे कुणी कधी नीट पाहिलंच नव्हतं. त्याने हात वर केला आणि सगळं आभाळ खाली उतरलं. शिपायांना एक पायरी दिसेना!"

"आकाशवाला!" संगीता किंचाळली. टाळ्या, शिट्ट्या! रावसाहेबांनी हॉर्न दाबला तो सोडेचनात. काका नुसते चष्मा पुसत राहिले.

गेटवर उतरताना त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक घेतलं आणि शेवटची पानं उघडली. त्यांनी दोन पानं पाहिली, पुस्तक मिटलं आणि माझ्या पर्समध्ये ठेवलं.

"म्हातारा झकास जमला हं, मंजू. मी गेल्या महिन्यात वाचलं तेव्हा नव्हता तो."