आयर्लंडचा गोल आणि माझी नापास तपासणी

"सापडलं," डॉक्टर ओगावा म्हणाले आणि हातातली कागदाची लांब पट्टी त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर धरली. ते चक्क हसत होते. सकाळचे पावणेसात वाजले होते. माझ्या छातीवर, हातांवर, पायांवर वायरी चिकटवलेल्या होत्या. शेजारच्या खाटेवर एक म्हातारा आयरिश माणूस तोंडात टॉवेल धरून रडत होता. माझ्यासाठी नव्हे. त्याचा देश फुटबॉलमध्ये जिंकला होता.

आजाराचं नाव पॅरॉक्सिस्मल सुप्राव्हेंट्रिक्युलर टॅकीकार्डिया. डॉक्टर त्याला पीएसव्हीटी म्हणतात. अर्थ साधा आहे. हृदयात विजेसारखा करंट जायची एक ठरलेली वाट असते. माझ्या हृदयात जन्मापासून एक वाट जास्तीची आहे. करंट मधूनच त्या वाटेला लागतो आणि गोल गोल फिरत बसतो. मग ठोके दुप्पट-तिप्पट होतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस पडतो. थोड्या वेळाने सगळं आपोआप थांबतं आणि मागे काही खूण राहत नाही. खूण राहत नाही यातच सगळी गोम आहे.

मी जपानमध्ये, एदोगावातल्या एका भारतीय हॉटेलात तंदूरवर काम करतो. नववीत शाळा सोडली, तेव्हापासून भटारखान्यातच आहे. लिहिण्याची सवय ऑर्डरच्या चिठ्ठ्यांपुरती. पण इथे शिकलेली इंजिनिअर मंडळी असोत की माझ्यासारखे, छातीत काही झालं की सगळे तेच करतात जे मी केलं. म्हणून लिहितोय.

सुरुवात वर्षभर आधी झाली. वाकून नान काढताना छातीत काहीतरी सुटायचं, जसा पंखा एकदम पाचवर जावा. मालक विचारायचे, मी म्हणायचो, "दाइजोबु." म्हणजे ठीक आहे. जपानीत मला सगळ्यात आधी आलेला आणि सगळ्यात जास्त वापरलेला शब्द. मग एके दिवशी तंदूरसमोरच पडलो. नशीब, मागे पडलो. पुढे पडलो असतो तर हे लिहायला मी नसतो.

दवाखान्यात दुभाषी म्हणून माझी मुलगी सई आली. वय वर्षं अकरा. इथल्या सरकारी शाळेत जाते, घरात आम्ही मराठीत विचारलं की जपानीत उत्तर देते. डॉक्टरांसमोर मात्र तिने नीट मराठीत सांगितलं, "बाबा, ते म्हणतात हे यंत्र चोवीस तास छातीला लावायचं. आणि रोज वागतोस तसंच वागायचं." ते यंत्र म्हणजे होल्टर. काडेपेटीएवढं असतं, दिवसभराचे ठोके टिपून ठेवतं.

आता माझं डोकं कसं चाललं ते सांगतो. तपासणी म्हणजे परीक्षा. शाळेतल्या परीक्षांनी माझं काय केलं ते मला माहीत होतं. ही एक तरी पास व्हायची असं मी ठरवलं. यंत्र सुट्टीच्या दिवशी लावून घेतलं. चहा बंद, तिखट बंद, फोन बंद. दिवसभर डाव्या कुशीवर पडून हळू श्वास घेत राहिलो. बायको, वंदना, दारातून बघून जायची आणि सईला म्हणायची, "बाबांना हसवू नकोस गं, रिपोर्ट बिघडेल."

रिपोर्ट नॉर्मल आला. वंदनाने शिरा केला. दोन आठवड्यांनी मी परत पडलो.

दुसऱ्यांदा होल्टर लावला तेव्हा तर मी दिवसभर बोललोसुद्धा नाही. रिपोर्ट पहिल्याहून सुंदर. तिसऱ्यांदा पडलो तेव्हा हाताला मोठा चटका बसला आणि डॉक्टर ओगावांनी मला पाच दिवसांसाठी दाखल करून घेतलं.

वॉर्डातल्या प्रमुख नर्स मोरी-सान (सान म्हणजे आपलं 'बाई' नाहीतर 'राव') फार प्रेमळ. परदेशी माणसाला एकटं वाटू नये म्हणून त्यांनी मला दुसऱ्या परदेशी माणसाशेजारी खाट दिली. दोघं इंग्रजीत बोलतील, असा त्यांचा हिशेब. माझं इंग्रजी 'बटर नान' आणि 'नो स्पायसी' इथे संपतं. आणि शेजारचे डेक्लन-सान इंग्रजी अशा वेगाने बोलायचे की शब्द सुटा होतच नव्हता. शेवटी आम्ही जपानीत बोलायला लागलो. त्यांची जपानी तीस वर्षांची, इचिकावाच्या एका शाळेत मुलांना इंग्रजी शिकवता शिकवता पक्की झालेली. माझी मोडकी. पण ते मास्तर होते, मोडकं समजून घ्यायची त्यांना सवय होती.

पहिल्याच दिवशी मी त्यांना नम्रपणे विचारलं, "तुम्ही इंग्रज लोक नाश्त्याला काय खाता?"

त्यांनी चमचा खाली ठेवला. "मी इंग्रज नाही. आयरिश. तुम्ही लोकांनी तरी हे विचारायला नको होतं. तुम्हालाही त्यांनीच छळलं ना?"

त्यानंतर पाच दिवस मला दुसरं काही ऐकू आलं नाही. आयर्लंडचा संघ एका मोठ्या स्पर्धेत जायच्या बेतात होता. सगळे म्हणत होते शक्य नाही, पण ते जिंकत सुटले होते. आता शेवटचा एक सामना, आणि तो जिंकलाच पाहिजे, बरोबरी चालणार नव्हती. हे मला सकाळी गरम पाण्याच्या टॉवेलबरोबर, दुपारी अळणी सूपबरोबर, संध्याकाळी ताप मोजताना सांगितलं जायचं. "तुझ्या एका मुंबईत आमचा देश तीनदा बसेल. तरी बघ." बघ बघ करून त्यांनी माझं डोकं पिकवलं.

मी पडद्याआड डोळे मिटून हळू श्वास घेत होतो. माझ्या गळ्यात चोवीस तास बाहेर नर्सच्या टेबलावर ठोके पाठवणारं यंत्र होतं. परीक्षा चालू होती आणि शेजारी लाऊडस्पीकर.

एकदा वैतागून मी म्हटलं, "तुमच्या त्या गोल करणाऱ्या पोराचा जन्म इंग्लंडचा आहे, असं तुम्हीच काल सांगितलंत. मग तो आयरिश कसा?"

"त्याची आजी आमची. आजी आमची असली की पोरगा आमचा."

"आणि त्याला तुमची भाषा येते?"

"आयरिश भाषा मला तरी कुठे येते धड? माझा मुलगा ओसाकात असतो. आई जपानी. माझ्याशी जपानीतच बोलतो, तेही वर्षातून दोनदा. पण आयर्लंड जिंकलं की त्याचा फोन येतो. दर वेळी." मला सई आठवली.

चौथ्या दिवशी डॉक्टर ओगावा आले. सई शाळेत होती, म्हणून त्यांचं कठीण जपानी बोलणं डेक्लन-साननी मला सोप्या जपानीत करून सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, "चार दिवस तुमचे ठोके आदर्श आहेत. काही सापडलं नाही तर मी कशावर उपचार करू? उद्या दुपारी तुम्हाला घरी सोडावं लागेल. पण तुम्ही तीनदा पडला आहात. तंदूरसमोर उभे राहा, असं मी लिहून देऊ शकणार नाही."

इथला माझा व्हिसा स्वयंपाक्याचा आहे. तंदूर नाही तर हॉटेल नाही, हॉटेल नाही तर जपान नाही. सईला मराठी लिहिता येत नाही, तिला गावी नेऊन कोणत्या वर्गात बसवू?

घाबरून मी खरं सांगून टाकलं. सुट्टीचा दिवस, बंद केलेला चहा, डावी कुशी, सगळं. डेक्लन-साननी ते डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. जपानी माणूस वैतागला की असाच बघतो. मग हळू आवाजात म्हणाले, "मला चांगला रिपोर्ट नको होता. मला तुमचा रिपोर्ट हवा होता."

ते गेल्यावर डेक्लन-सान म्हणाले, "तू मूर्ख आहेस. पण हा आमचाही आजार. आम्ही वर्षानुवर्षं छान हरलो. लोक म्हणायचे, काय गोड माणसं, हरली तरी गातात. आता ही पोरं वाईट खेळतात, ढकलाढकली करतात आणि जिंकतात. मला तेच आवडतं."

मग मी झटका बोलवायच्या मागे लागलो. मोरी-साननी परवानगी दिली तेवढे जिने चढलो. खालच्या दुकानातून काळी कॉफी आणून दोन डबे रिचवले. वाकलो, उठलो, परत वाकलो. काही नाही. वर्षभर न बोलावता आलेला पाहुणा आता आमंत्रण देऊन येईना. वंदना भेटायला आली तेव्हा मी वॉर्डात उठाबशा काढत होतो. "अहो, इथे बरे व्हायला आलात की आजारी पडायला?" ती म्हणाली. मी आणखी दोन काढल्या.

सामना आमच्या वेळेने पहाटे पावणेपाचला होता. डेक्लन-सानना पेसमेकर बसवायचा होता, म्हणजे ठोके चुकले की सावरणारं यंत्र. त्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, थेट बघू नका, निकाल कळल्यावर बघा. ते म्हणाले, "निकाल कळलेला सामना म्हणजे थंड झालेला चहा." मोरी-साननी शेवटी तह केला. आवाज नाही, उठायचं नाही, ओरडायचं नाही. बघायला टॅबलेट एक, इअरफोनच्या गोळ्या दोन. एक त्यांच्या कानात. दुसरी त्यांनी न विचारता माझ्या कानात घातली.

मला चिडायलाही त्राण नव्हतं. दुपारी घरी जायचं होतं. बॅग भरलेली होती. म्हटलं, बघू या.

दीड तास काही झालं नाही. म्हणजे पुष्कळ झालं, पण मला कळलं नाही. बरोबरीच होती. खिडकीत उजाडलं. नाश्त्याच्या गाड्यांचा आवाज यायला लागला. वेळ संपली, वाढवून दिलेली थोडी मिनिटं उरली. डेक्लन-सान माझं मनगट धरून बसले होते आणि त्यांच्या ओठांवर काहीतरी चाललं होतं, प्रार्थना असेल नाहीतर शिव्या. मला एवढंच दिसत होतं, की हे हरले तर ओसाकाहून फोन येणार नाही. आणि माझ्या नकळत मी मनात म्हणत होतो, घाला रे, एक घाला.

घातला. शेवटच्या क्षणी, गर्दीतून, कोणाच्या तरी गुडघ्याला लागून. त्याहून वाईट गोल मी पाहिलेला नाही. कानात हजारो माणसं ओरडली. आम्हाला ओरडायचं नव्हतं. डेक्लन-साननी टॉवेल तोंडात कोंबला. मी जोरात खाली वाकून गादीवर बुक्की मारली.

आणि छातीतला पंखा पाचवर गेला.

आधी वाटलं, आनंद आहे. मग ओळख पटली. आणि सांगायला लाज वाटते, इतकं होऊनही पहिला विचार आला तो डाव्या कुशीवर वळायचा.

बाहेर यंत्र वाजलं. मोरी-सान धावत आल्या त्या थेट डेक्लन-सानकडे. साहजिक होतं. त्यांनी तोंडातला टॉवेल न काढता माझ्याकडे बोट दाखवलं. मोरी-साननी मला विचारलं, "दाइजोबु?"

मी म्हटलं, "नाही. दाइजोबु नाही." जपानात आल्यापासून नऊ वर्षांत पहिल्यांदा.

मग ईसीजीचं यंत्र आलं, वायरी लागल्या, पट्टी सरसर बाहेर यायला लागली. रात्रपाळीला डॉक्टर ओगावाच होते. पट्टी मनासारखी मिळेपर्यंत त्यांनी मला तसंच धरून ठेवलं, मग एक इंजेक्शन दिलं. काही सेकंद जीव पायांतून निघून जातोय असं वाटतं. घाबरू नका, ते तसंच असतं. मग छातीत शांत झालं. आणि ते म्हणाले, "सापडलं."

तेवढ्यात शेजारी फोन वाजला. वॉर्डात फोनवर बोलायला मनाई आहे. मोरी-सान पाठ करून माझ्या वायरी आवरत राहिल्या. फोनमधून एक तरुण आवाज जपानीत ओरडत होता, "बाबा, बघितलंस? बघितलंस?" डेक्लन-सान नुसते हो हो करत होते.

पुढचं थोडक्यात. माझं घरी जाणं रद्द झालं. तीन दिवसांनी अ‍ॅब्लेशन झालं. यात मांडीच्या शिरेतून बारीक तारा हृदयापर्यंत नेतात, जास्तीची वाट शोधतात आणि तेवढीच जाळून टाकतात. दुखत नाही म्हणतात, पण थोडं दुखतं. नंतर कित्येक तास पाय न हलवता उताणं पडावं लागतं. मला पडून राहायचा सराव होता. डेक्लन-सानचा पेसमेकर त्याच आठवड्यात बसला. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "आता थेट बघू?" डॉक्टर पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले.

महिन्याभराने परत होल्टर लावला. या वेळी कामाच्या दिवशी, शनिवारी. चहा चार वेळा प्यायलो. तंदूरवर उभा राहिलो. चुकीच्या ऑर्डरीवरून मालकांशी भांडलो. घरी आल्यावर सईला जवळ बसवून आयर्लंडच्या त्या सामन्याची शेवटची दहा मिनिटं दाखवली. तिने जपानीत विचारलं, हे आपले कोण? मी मराठीत सांगितलं, शेजारचे. तिने ती मिनिटं परत लावायला सांगितली.

रिपोर्ट नॉर्मल आला. तंदूरसमोर उभं राहायला हरकत नाही, असं डॉक्टर ओगावांनी लिहून दिलं आणि खाली सही करताना विचारलं, "हा तुमचाच ना?"

"माझाच," मी म्हटलं.

डॉक्टर ओगावा, मोरी-सान यांचे उपकार मी फेडू शकत नाही. डेक्लन-सान दर रविवारी हॉटेलात येतात, हिरवा मफलर गुंडाळून, आणि सामन्याबद्दल बोलून माझं डोकं पिकवतात. गिऱ्हाईक खोळंबतं, मालक डोळे वटारतात. मी त्यांना एक नान जास्त करपवून देतो, त्यांना तशीच आवडते, आणि सांगतो, "पुढचा सामना कधी ते आधी सांगा. सईला उठवायचं असतं."