बॉनेटवरची गोधडी

आज अमेरिकेत, फ्रिस्कोत मुलाच्या दारावरून कचऱ्याचा ट्रक गेला आणि डिझेलचा वास नाकात शिरला. लग्न लागल्यावर बायकोला माझ्याच ट्रकमधून घरी आणलं, तेव्हा केबिनमध्ये हाच वास होता. इंजिनाचं बॉनेट तापतं, म्हणून त्यावर गोधडी घालून तिला बसवलं होतं. आडरस्त्याला एक ट्रकवाला बरोबरीला आला आणि ओरडला, "काय राव, अंडी भरलीत का गाडीत?" नवी नवरी घाबरेल म्हणून मी गाडी हळूच चालवत राहिलो. तर सकाळपासून तोंड न उघडलेली ती म्हणाली, "अहो, दाबा की!" दाबला. तो धुळीत मागे राहिला, ही पदर तोंडाला लावून हसत राहिली. ती गेल्यावर मुलाने मला इथे आणलं. "बाबा, इथे ड्राइव्ह नाही करायचं," म्हणतो, चावी खिशात ठेवतो. मी बंद गॅरेजमध्ये त्याच्या गाडीत बसून राहतो. पायाने ॲक्सिलरेटर दाबतो. गाडी हलत नाही.