मोठ्या भाऊजींनी आणलेली लोकर

माझे मोठे भाऊजी, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, पलटणीत होते. माझ्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी ते दिवाळीला सुट्टीवर आले, तेव्हा पाठीवर एक गोणपाट होतं. आमचं गाव चांद्याकडच्या सावली गावापासून दोन कोसांवर, सगळा धानाचा मुलूख. बर्फ कुणी पाहिलेलाच नव्हता. भाऊजी सांगत होते, तिकडे वर पहाडात मेंढ्या बर्फात उभ्या राहतात, तरी मरत नाहीत, आणि ही त्यांच्याच अंगावरची लोकर आहे. मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, दमा होता. त्यांच्यासाठी स्वेटर विणायचा असं भाऊजींनी वाटेतच ठरवून टाकलं होतं. घरात विणता येणारी मी एकटीच. माहेरी शाळेतल्या बाईंनी मला सायकलच्या तारांवर विणायला शिकवलं होतं, आणि सोयरीक जमवताना वडिलांनी ते मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं.

गोणपाट उसवलं आणि मी मागे सरले. खवट तूप आणि बकरीचं मूत एकत्र करून आठवडाभर झाकून ठेवावं, तसा वास. लोकर पांढरी असेल असं मला वाटलं होतं. ती पिवळी, चिकट होती, आत लेंड्या वाळून दगड झालेल्या, काटे, आणि मेलेल्या गोचिडी. एक गोचीड माझ्या बोटाला चिकटून आली. मी अंगणात जाऊन ओकले. सासूबाईंना वाटलं, गोड बातमी आहे. नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला, आणि तो रागही त्या लोकरीवरच निघाला.

धुवायची कशी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी गावाच्या कडेला मेंढ्या घेऊन उतरलेल्या कुरमारांच्या एका बाईला बोलावलं. ती घोंगडीचं सूत कातायची. तिनं लोकर हातात घेतली, नाकाशी नेली आणि हसली. लोकर चांगली आहे म्हणाली. रिठ्याच्या थंड पाण्यात दोन दिवस भिजव, चोळू नको, नुसती दाबून काढ, असं तिनं मामाजींच्या देखत बसून दाखवलं. उठताना एवढंच म्हणाली, "गरम पाण्यात नको टाकू, बाई. घट्ट होऊन जाईन, मंग उकलत नाई."

मी बोडीवर, गावच्या तळ्यावर, लोकर धुतली तेव्हा पाण्यावर मेणासारखा तवंग आला, आणि पलीकडे मासे धरणाऱ्या बायांनी मला तिथून उठवलं. हाताला लागलेली चरबी राखेनंही निघेना. भाताचा घास तोंडाशी नेला की मेंढी आठवायची. महिनाभर मी चमच्यानं जेवले, त्यावरून जावा हसत. टकळीवर सूत कातलं, जाडबारीक, गाठी पडलेलं. मग विणलं. पौषात स्वेटर झाला, आणि मामाजींनी तो अंगात घातला तो काढलाच नाही.

खरी किळस त्यानंतरची. मामाजी दिवसभर तंबाखू चघळायचे आणि खोकायचे. खोकताना जे यायचं ते छातीवर सांडायचं. सकाळच्या धुक्यात खळ्यावर जाऊन यायचे, तेव्हा भिजलेल्या लोकरीला पुन्हा तो गोणपाटातला वास सुटायचा, त्यात तंबाखू, घाम आणि कफ. त्यांना जेवायला वाढताना मी श्वास रोखून वाकत असे. धुवायला द्या म्हटलं तर म्हणायचे, वाळेपर्यंत मी काय घालू? स्वेटरची छाती वाळून पापडासारखी कडक झाली होती. गाव मात्र माझी तारीफ करत होतं. सून असावी तर अशी.

शिमग्याच्या सुमारास थंडी सरली तेव्हा सासूबाईंनी तो ओढूनच काढला आणि माझ्यापुढे टाकला. अंगणात चुलीवर राखेच्या पाण्यात चादरी उकळत होत्या. मला कुरमार बाईचं बोलणं चांगलं आठवत होतं. मी काठीनं स्वेटर उचलला, हात लावला नाही, आणि त्या उकळत्या पाण्यात सोडला. वर आला की पुन्हा खाली दाबला.

बाहेर निघाला तो पाच वर्षांच्या पोराचा झाला होता. जाड, कडक, टाके दिसेनासे झालेले. "काऊन वो, हे काय करून ठेवलं?" सासूबाई ओरडल्या. मला माहीत नव्हतं, मी म्हणाले. मामाजींनी बाहीत हात घालून पाहिला. मनगटापुढे गेला नाही. तरी ते थोडा वेळ ओढत राहिले. मला तेव्हाही त्यांची दया आली नाही. सुटले, एवढंच वाटलं.

पुढच्या दिवाळीला भाऊजी आले आणि आल्या आल्या त्यांनी स्वेटर विचारला. मी दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. मामाजी म्हणाले, "उंदरानं खाल्ला."

ते असं सहज म्हणाले, की त्यांना पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं हे मला तिथंच कळलं. भाऊजी हळहळले, आणखी लोकर आणतो म्हणाले. मला स्वतःचीच शिसारी आली. मी म्हणाले, "उंदरानं नाई, भाऊजी. मीच उकळला. जाणून."

भाऊजींचा चेहरा लाल झाला. मामाजींनी त्यांना हातानं थांबवलं. "तिले काई म्हणू नको. मले बी माझा वास येत होता," ते म्हणाले, आणि खोकत परसात निघून गेले.

त्या वर्षी भाऊजींनी चांद्याच्या बाजारातून गिरणीचा निळा स्वेटर आणला. दर पंधरा दिवसांनी मामाजी तो स्वतःच काढून, घडी घालून धुण्यासाठी ओट्यावर ठेवायचे. मी तो दोन बोटांत उचलायची. नाक मुरडायचं नाही असं ठरवूनही ते मुरडलं जायचंच, आणि तेवढा वेळ ते भिंतीकडे तोंड करून बसायचे.