ताईची किडनी आणि बाबांची पुस्तिका

आमच्या घरात देवघर नव्हतं, विज्ञानाच्या पुस्तिकांची फळी होती. मारेगावच्या बाजारात बाबा त्या वाटायचे. त्यांची सगळ्यात लाडकी एका परदेशी सर्जनची. तुटलेली रक्तवाहिनी सांधायची म्हणून तो भरतकाम करणाऱ्या बाईकडे बारीक टाके शिकला. नळीच्या गोल तोंडाला तीन दोरे घालून ताणायचे, गोलाचा त्रिकोण करायचा, मग एकेक बाजू सरळ शिवायची. त्याच टाक्यांमुळे पुढे एकाची किडनी दुसऱ्याला बसवता आली.

कापसाचा भाव पडला त्या वर्षी दादाच्या दोन्ही किडन्या गेल्या. आईला साखर, बाबांना रक्तदाब, माझा रक्तगट जुळेना. जुळली केळापूरला दिलेली ताई. नवऱ्यानं तिला बजावलं होतं, किडनी देशील तर परत येऊ नको.

देव मानत नसलो तरी भाऊबीज आम्ही पाळायचो. ताईनं ओवाळलं. ओवाळणीच्या वेळी दादा खाली बघत राहिला. आई म्हणाली, "यंदा ओवाळणी तूच टाक, बाई."

बाबांनी पुस्तिका काढून भरतकामाचं पान वाचलं. ताईनं ताट खाली ठेवलं.

"मंग त्या बाईले काय भेटलं, बाबा?"

बाबांनी पान उलटून पाहिलं. त्यात काही नव्हतं.

"देतो मी," ताई म्हणाली. "पण मंग मले इथं राहू द्याल ना?"

"हे घर तुयंच हाय," बाबा म्हणाले.

नागपूरला ऑपरेशन झालं. दादाला जंतू लागू नयेत म्हणून पुढची खोली चुना देऊन त्याला दिली. ताईची खाट मधल्या खोलीत, न विकलेल्या कापसाला लागून. साठवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते. ताई लुगड्यावरून टाक्यांभोवती खाजवत राहायची. मी भांडले, तर आई म्हणाली, तिला काय झालंय, आजारी तो आहे.

बाबा कधीच न वाचणारं पान मी तेव्हा वाचलं. त्या सर्जननं कुत्र्याची स्वतःची किडनी काढून परत लावली, ती टिकली. दुसऱ्या कुत्र्याची लावली, टाके पक्के बसले, तरी शरीरानं ती टाकून दिली. आता त्यावर औषधं निघाली आहेत. दादा ती वेळेवर घ्यायचा.

उन्हाळ्यात कापूस मिळेल त्या भावानं गेला. आईनं मधली खोली सारवली. ताईला वाटलं, आपल्यासाठी. पण दादाचं लग्न जुळत होतं.

"घरात टाकलेली नणंद पाहून कोण पोरगी देईन?" आई म्हणाली. "जावयाच्या पाया पड. ठेवून घेईन तो तुले."

ताईनं बाबांकडे पाहिलं. बाजाराचा दिवस होता, ते पुस्तिकांचा गठ्ठा बांधत होते.

मी तिला स्टँडवर सोडायला गेले. वाकताना तिला अजून कळ यायची, म्हणून पिशवी मीच वर चढवली. पलीकडे झाडाखाली माणसं जमवून बाबा भरतकाम करणाऱ्या बाईची गोष्ट सांगत होते. केळापूरची गाडी सुटली तेव्हा ते तिसऱ्या टाक्यावर होते.