वसंतचा मंगळवारचा इंग्लिशचा वर्ग

शहाऐंशी सालातला एक गुरुवार. मी ड्रायरमधून टॉवेल काढत होते. माझ्या नवऱ्याच्या, वसंतच्या ऑफिसमधून फोन आला. पार्किंग लॉटमध्येच हार्ट अटॅक आला होता. हातातल्या टॉवेलची घडी मी पूर्ण केली आणि मग हॉस्पिटलला निघाले.

वसंत गेल्यावर अमेरिकेतल्या आमच्या पिस्कॅटवेच्या घरी माणसं भेटायला येऊ लागली. मग कुणीतरी एक किस्सा सांगतं, त्यावरून दुसऱ्याला दुसरा आठवतो. दोन आठवड्यांत कितीतरी जमले! बहुतेक सगळे वसंतच्या मंगळवारच्या वर्गाचे.

*

त्या वर्गाची सुरुवातच घोटाळ्याने झाली. वसंत केमिकल इंजिनिअर. त्याचे उच्चार लोकांना कळत नाहीत म्हणून मॅनेजरने त्याचे रिपोर्ट मीटिंगमध्ये दुसऱ्याला वाचायला दिले. वसंत घरी आला, जेवला. आठवड्याने त्याने कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये ‘इंग्लिश उच्चार’ एवढंच वाचलं, पुढचा ‘इतिहास’ हा शब्द वाचलाच नाही, आणि नाव घातलं. पुण्याचे गोखले आणि नागपूरचे देशपांडे यांचीही तीच अडचण, म्हणून त्यांनाही ओढलं.

पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या मिसेस हॉलंड म्हणाल्या, "आपण सहाशे वर्षांपूर्वीपासून सुरुवात करू."

देशपांडे वसंतच्या कानाशी लागले, "अगदी बेसिकपासून शिकवते बे ही! चांगलं आहे!"

*

तिसऱ्या आठवड्यात कळलं की तेव्हाच्या इंग्लंडात ‘नेम’ला ‘नाम’सारखं काहीतरी म्हणत, ‘हाउस’ला ‘हूस’, आणि ‘नाइट’ म्हणजे सरदार, त्या शब्दाच्या सुरुवातीचा ‘क’सुद्धा स्पष्ट उच्चारत.

गोखले गंभीर झाले. "म्हणजे पाचवीत मी बरोबरच वाचत होतो. मास्तरांनी उगाच मारलं!"

*

मिसेस हॉलंड बोस्टनच्या. शब्दाच्या शेवटचा ‘र’ त्यांच्या तोंडून निघतच नसे, आणि जुन्या इंग्लिशला तर तो खणखणीत हवा. शेवटी त्या म्हणाल्या, "मिस्टर कदम, तुम्ही म्हणून दाखवा."

वसंतने कोल्हापुरी ‘र’ लावला. "हा असा!" बाई म्हणाल्या. अमेरिकन मुलं वह्यांत उतरवून घेऊ लागली.

*

एकदा बोलींचा विषय निघाला. उत्तरेकडचा इंग्रज लंडनला आला की त्याचं बोलणं परकं वाटे. बाईंनी आमच्या तिघांना उभं केलं: ‘कुठे निघालास’ हे आपापल्या गावच्या मराठीत म्हणा.

"कुठं चाललायस रं?" वसंत.

"कुठे निघालास?" गोखले.

"कुठं जाऊन राह्यला बे?" देशपांडे.

"यातलं शुद्ध कोणतं?" बाईंनी विचारलं.

तिन्ही हात एकदम वर!

बाई म्हणाल्या, "इंग्लंडात लंडनची बोली पुढे गेली. ती जास्त चांगली होती म्हणून नव्हे. राज्यकारभार आणि व्यापार तिथे होता म्हणून." देशपांडे गोखल्यांकडे बघत राहिले. गोखले खिडकीबाहेर.

*

वसंतला मात्र एकच प्रश्न छळत होता. मध्ययुग संपता संपता इंग्लिशचा एकेक दीर्घ स्वर जागा सोडून सरकला. पण का? "कुणी ऑर्डर काढली?" त्याने वर्गात विचारलं. बाई हसल्या. "कारण नक्की माहीत नाही. बोलणाऱ्यांच्या लक्षातही आलं नसावं."

आठवडाभर जेवताना हेच. "अख्ख्या देशाचे स्वर बदलले, आणि कुणाच्या लक्षात नाही!"

आमची मीरा म्हणाली, "बाबा, प्लीज पास द डाळ."

*

शेवटचा किस्सा टॉमने सांगितला. तो ऑफिसात वसंतच्या शेजारच्या टेबलाशी बसायचा. हार्ट अटॅकच्या आदल्या दिवशी, बुधवारच्या मीटिंगमध्ये मॅनेजरने नेहमीप्रमाणे वसंतचा रिपोर्ट टॉमकडे सरकवला. वसंत उठला, टॉमच्या हातातून कागद घेतले आणि म्हणाला, "मीच वाचतो." अकरा पानं वाचली. घाई न करता, प्रत्येक ‘र’ वाजवत.

शेवटी मॅनेजरने विचारलं, "हा अॅक्सेंट कुठला म्हणायचा?"

वसंत कागद नीट लावत म्हणाला, "चौदाव्या शतकातला."

त्या बुधवारी तो घरी आला तेव्हा मी फोनवर होते. मीटिंग कशी झाली, हे मी विचारलं नाही.